सकाळी उपाशीपोटी मेलाटोनिन घेतलं की शरीराचा गंज निघतो का?

वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा: वय 44, कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत मशीन शॉपला सुपरवायझर. दर आठवड्याला पाळी बदलते: फर्स्ट, सेकंड, नाईट. साखर काठावर (एचबीए1सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, 6.2), बीपीची एक गोळी रोज चालू, दिवसाला चार-पाच सिगारेटी. भाच्यानं एक मेसेज पाठवला. मेलाटोनिन (मेंदूतल्या पिनिअल ग्रंथीत रात्री बनणारं, झोपेची वेळ सांगणारं हार्मोन) हे व्हिटॅमिन सी आणि ई यांच्यापेक्षा ताकदवान अँटिऑक्सिडंट (पेशींना इजा करणारे 'रॅडिकल' कण निकामी करणारा पदार्थ) आहे, रात्रपाळीवाल्यांच्या अंगात ते तयारच होत नाही आणि त्यामुळे पेशींना गंज चढतो, असं त्यात होतं. म्हणून 10 मिलिग्रॅमच्या गमीज (जेलीसारख्या चघळायच्या गोळ्या) ऑनलाइन मागवल्या. झोपेसाठी घ्यायची नाही तर वेळेचं बंधन कशाला, असं म्हणून दोन महिने रोज सकाळी सहाला उपाशीपोटी एक गमी चालू आहे. नाईटच्या आठवड्यात तीच गमी सुटताना कंपनीतच तोंडात टाकून मोटारसायकलवरून घरी. फर्स्टच्या आठवड्यात दुपारपर्यंत डोकं जड राहतं आणि रात्री एक वाजेपर्यंत डोळा लागत नाही. भाचा म्हणतो, हे गंज निघत असल्याचं लक्षण. आता डोस 20 मिलिग्रॅम करावा का, आणि संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या 68 वर्षांच्या आईलाही सुरू करावं का, असं विचारलं आहे.

सगळ्यात आधी दोन गोष्टी, त्या आजपासून. सकाळची गमी बंद करा. आणि कंपनीतून निघताना मेलाटोनिन घेऊन गाडीला किक मारणं तर कायमचं बंद. गोळी घेतल्यापासून साधारण पाऊण-एक तासात रक्तातली पातळी शिखरावर जाते. रात्रभर जागलेला माणूस नेमक्या त्याच वेळेला शिरोली फाट्यापासून पंचगंगेच्या पुलावरून तावडे हॉटेलच्या गर्दीत असतो. उसाचे ट्रॅक्टर, एसटी, ट्रक आणि त्यात तुमच्या डोळ्यांवर झापड. बाकीचं उत्तर वाचायला उशीर झाला तरी चालेल, एवढं मात्र लगेच करा. गमी एकदम सोडली तरी काही बिघडत नाही, हळूहळू कमी करत आणायची गरज नाही.

आता मेसेजकडे वळू. तो सगळाच खोटा असता तर दोन ओळींत काम झालं असतं. मेलाटोनिन अँटिऑक्सिडंट आहे, हे खरं आहे. ॲरन लर्नर यांनी 1958 मध्ये येल विद्यापीठात गाईबैलांच्या पिनिअल ग्रंथींतून ते वेगळं काढलं, तेव्हा त्यांना त्वचेच्या रंगाचं कोडं सोडवायचं होतं. झोपेशी असलेलं नातं नंतर उलगडलं. 1993 मध्ये रसेल रायटर यांच्या गटानं दाखवलं की हायड्रॉक्सिल रॅडिकल नावाचा अत्यंत आक्रमक कण मेलाटोनिन निकामी करतं. पुढं असंही दिसलं की त्या झटापटीत मेलाटोनिनचं जे नवं रसायन बनतं तेही आणखी एखादा रॅडिकल टिपतं, आणि त्यातून बनलेलं पुढचंही. म्हणजे एका रेणूकडून एकापेक्षा जास्त रॅडिकल निकामी होतात. शिवाय ते पाण्यात आणि चरबीत दोन्हीकडे शिरू शकतं, पेशीच्या आवरणातून आरपार जातं. व्हिटॅमिन सीला चरबीत शिरता येत नाही. 'व्हिटॅमिन सीपेक्षा ताकदवान' हे वाक्य येतं ते इथून.

पण ही तुलना रेणूला रेणू अशी, काचेच्या नळीत झालेली आहे. तुमच्या रक्तात रेणूंची संख्या सारखी नसते. मध्यरात्री, गडद अंधारात झोपलेल्या तरण्याताठ्या माणसाच्या रक्तात मेलाटोनिन मिलिलिटरला साधारण 50 ते 100 पिकोग्रॅम असतं. पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख-कोटीवा भाग. बरा आहार असणाऱ्याच्या रक्तात व्हिटॅमिन सीचे रेणू त्याच्या सुमारे लाखपट असतात. पेशीच्या आत ग्लुटाथिओन नावाचं शरीराचं स्वतःचं अँटिऑक्सिडंट असतं, ते वीस लाखपट किंवा त्याहून जास्त. आणि हायड्रॉक्सिल रॅडिकलचं आयुष्य सेकंदाच्या अब्जाव्या भागाएवढं. जो रेणू शेजारी असेल त्यालाच तो धरतो, लांबच्या ताकदवान रेणूची वाट बघत बसत नाही. लाखात एक असलेलं मेलाटोनिन त्याच्या शेजारी सापडणार किती वेळा?

तुमच्या 10 मिलिग्रॅमनं हे गणित पालटतं का? तोंडावाटे घेतलेल्या मेलाटोनिनपैकी सरासरी 15 टक्क्यांच्या आसपासच रक्तात पोचतं, उरलेलं यकृत पहिल्याच फेरीत मोडून टाकतं. तरी 10 मिलिग्रॅमनं रात्रीच्या नैसर्गिक पातळीच्या तीस-चाळीसपट शिखर गाठलं जातं. झोपेच्या दृष्टीनं ही पातळी प्रचंड आहे, पण व्हिटॅमिन सीच्या तुलनेत अजूनही हजारांनी मागे. म्हणजे झोपेच्या घड्याळात गोंधळ घालायला तुमची गमी भरपूर पुरते आणि थेट गंज काढायला अजिबात पुरत नाही.

याचा अर्थ शरीरात त्याचं अँटिऑक्सिडंट काम शून्य, असा मात्र नाही. मेलाटोनिनच्या इशाऱ्यानं पेशी आपली स्वतःची यंत्रणा वाढवतात, म्हणजे सुपरऑक्साइड डिसम्युटेज, ग्लुटाथिओन परऑक्सिडेज ही एन्झाइमं. त्यासाठी रेणूंची गर्दी लागत नाही, ठरल्या वेळी मिळालेली सूचना लागते. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात (ऊर्जा बनवणाऱ्या भागांत), मेंदूभोवतीच्या द्रवात, आतड्यात पातळी रक्तापेक्षा बरीच जास्त असते, असेही पुरावे आहेत. मायटोकॉन्ड्रिया स्वतःच मेलाटोनिन बनवत असावेत, हा अभ्यासाचा गरम विषय आहे. पण तिथं जे आहे ते पेशीनं जागच्या जागी बनवलेलं किंवा ओढून घेतलेलं असतं. सकाळी सहाला गिळलेली गमी तिथं नेमकी पोचते आणि तुमचं म्हातारपण लांबवते, हे कुणी माणसांत दाखवलेलं नाही.

'अँटिऑक्सिडंट जितकं जास्त तितकं बरं' ही समजूतही जरा तपासून बघा, कारण तुमचा 20 मिलिग्रॅमचा प्रश्न तिच्यातूनच आला आहे. फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर बीटा कॅरोटीनची चाचणी झाली. 1994 मध्ये निकाल आला तेव्हा गोळी घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कॅन्सर 18 टक्के जास्त निघाला. तुम्हीही सिगारेट ओढता, म्हणून हे मुद्दाम सांगतो. 2009 मध्ये जर्मनीत व्यायाम करणाऱ्या तरुणांना व्हिटॅमिन सी आणि ई च्या मोठ्या गोळ्या दिल्या, तर व्यायामामुळे इन्सुलिनचं काम सुधारतं तो फायदाच झाकला गेला. स्नायूंत तयार होणारे थोडे रॅडिकल हा शरीराला 'तयारीत राहा' असा निरोप असतो. लोखंडाला गंज फक्त खातो. शरीरात ते इतकं सरळ नाही, म्हणून तुमच्या भाच्याची उपमा आकर्षक असली तरी तिच्या भरवशावर औषध घेऊ नये.

रात्रपाळीत मेलाटोनिन बनतच नाही, हेही पुरतं बरोबर नाही. मेंदूतलं मुख्य घड्याळ रोज ठरल्या वेळी, साधारण रात्री नऊच्या पुढं, पिनिअल ग्रंथीला सूचना देतं. डोळ्यांवर उजेड पडला, त्यातही निळसर पांढरा, तर ती सूचना दबते. किती दबेल ते उजेडावर आणि माणसावर अवलंबून. म्हणजे नाईटला ते कमी बनतं, आणि दिवसा तुम्ही झोपता तेव्हा घड्याळाच्या हिशेबानं दिवस असल्यामुळे बनत नाही. रात्रपाळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरविषयक संस्थेनं 2007 मध्ये 'बहुधा कर्करोगकारक' गटात ठेवलं आणि 2019 मध्ये ते कायम केलं. तुमची काळजी म्हणून रास्त आहे. दबलेलं मेलाटोनिन हे त्यामागच्या संशयित कारणांपैकी एक आहे, पण बिघडलेलं घड्याळ, अवेळी जेवण, तुटकी झोप ही कारणंही रांगेत आहेत. गोळीनं ती जोखीम उतरते, असं अजून सिद्ध झालेलं नाही.

आता तुमची दोन लक्षणं. मेलाटोनिनचं शरीरातलं पहिलं काम 'रात्र झाली' हे सांगणं. संध्याकाळी दिलं तर घड्याळ अलीकडे सरकतं, सकाळी दिलं तर पलीकडे. तुम्ही दोन महिने रोज सकाळी सहाला शरीराला रात्र झाल्याचं सांगताय, मग रात्री झोप एकपर्यंत लांबली तर नवल काय? आणि रक्तातली पातळी पाऊण तासाच्या आसपास निम्मी होत जाते. इतक्या मोठ्या डोसाला दिवसाच्या पातळीवर उतरायला सहा-सात तास लागतात. सहाला घेतलेली गमी दुपारी बारा-एकपर्यंत अंगात राहते. डोकं जड राहायची तुमची वेळ हीच. गंजाचा यात संबंध नाही. लेथ आणि व्हीएमसी यंत्रांच्या मध्ये उभं राहून माणसांवर देखरेख करणाऱ्यानं अशा गुंगीत असणं धोक्याचं आहे.

साखरेची गोष्ट मला सगळ्यात जास्त खुपते. इन्सुलिन सोडणाऱ्या पेशींवर मेलाटोनिनचे रिसेप्टर, म्हणजे ते ओळखून धरणाऱ्या जागा, असतात. मेलाटोनिन चिकटलं की इन्सुलिन कमी सुटतं. रात्री आपण खात नाही, तेव्हा हे सोयीचंच असतं. पण निरोगी तरुण स्त्रियांना 5 मिलिग्रॅम मेलाटोनिन देऊन ग्लुकोजचं पाणी पाजलं, तर सकाळीही आणि संध्याकाळीही साखर नेहमीपेक्षा जास्त चढली. तुम्ही त्याच्या दुप्पट घेऊन तासाभरात नाश्ता करताय. नाईट सुटल्यावर गमी आणि वाटेत गाड्यावर कटवडा, ही जोडी तर काठावरच्या साखरेला अगदीच वाईट. गमी बंद केल्यावर तीन महिन्यांनी एचबीए1सी पुन्हा करा. 5.7 ते 6.4 हा काठाचा पट्टा. 6.2 वरून तो कुठं सरकला ते बघून डॉक्टरांशी बोला.

गमीबद्दल आणखी एक. अमेरिकेत 25 गमी उत्पादनं तपासली (2023), त्यांतल्या 22 वरचा आकडा आतल्या मालाशी जुळला नाही. लिहिलेल्याच्या 74 टक्क्यांपासून 347 टक्क्यांपर्यंत मेलाटोनिन निघालं, आणि एकात तर नव्हतंच. कॅनडात 2017 मध्ये तपासलेल्या 31 उत्पादनांपैकी आठांत लेबलवर नसलेलं सेरोटोनिन होतं. बाटलीवरचा 10 हा आकडा तुम्ही गृहीत धरलाय, शरीरात नेमकं किती गेलं ते कुणालाच ठाऊक नाही.

मग मेलाटोनिन तुमच्या कामाचंच नाही का? नाईटच्या आठवड्यात, दिवसाची झोप थोडी लांबवायला, ते वापरून बघता येतं. पण अपेक्षा बेतानं ठेवा: 2014 च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्या एकत्र तपासणारा अभ्यास) रात्रपाळीनंतरची झोप सरासरी 24 मिनिटांनी वाढली, आणि तो पुरावाही फार भक्कम नव्हता. करायचं तर असं करा.

डॉक्टरांना विचारून मेडिकलमधून साधी 3 मिलिग्रॅमची गोळी आणा. एसआर किंवा पीआर लिहिलेली नको. ती हळूहळू सुटते आणि तोडली तर तिचा उपयोगच जातो. साध्या गोळीचे दोन तुकडे करा आणि अर्ध्यापासून सुरुवात करा. अर्ध्या मिलिग्रॅमचाही घड्याळावर परिणाम होतो, त्यामुळे दीड कमी आहे असं वाटून घेऊ नका. नाईट 11 ते 7 धरून सांगतो. मुख्य जेवण ड्युटीवर जाण्याआधी, मध्यरात्रीनंतर हलकं, आणि पहाटे पाचच्या सुमारास डब्यातली एखादी भाकरी-भाजी किंवा उकडलेली अंडी. त्यानंतर गोड चहा, बिस्किटं, कटवडा काही नाही, म्हणजे गोळी आणि खाणं यांत दोन-तीन तासांचं अंतर पडतं. चहाचा शेवटचा कप तीनला, कारण कॅफीन निम्मं व्हायला पाचएक तास घेतं. पाळीच्या पहिल्या निम्म्या भागात भरपूर उजेडात उभे राहा. निघण्याआधी झापड येत असेल तर रेस्टरूममध्ये पंधरा-वीस मिनिटं पडा, मगच गाडी. काळा चष्मा लावून घरी जा असा सल्ला रात्रपाळीवाल्यांना सर्रास दिला जातो. उजेड कमी पडला की झोप सोपी होते हे खरं, पण मोटारसायकलवर पेंगणाऱ्या माणसाला मी तो देणार नाही.

घरी पोचल्यावर हातपाय धुवा, अर्धी गोळी घ्या, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा आणि अर्ध्या तासात आडवे व्हा. खिडकीला जाड काळं कापड चारही कडांनी ठोका. पडद्याच्या फटीतून येणारी उन्हाची तिरीपही दिवसाची झोप मोडू शकते. घरच्यांना सांगून ठेवा: दोनपर्यंत कुकर, मिक्सर, टीव्ही बंद. जेवण उठल्यावर. पहिल्या नाईटच्या दिवशी दुपारी दीड तास झोपून घ्या. शेवटची नाईट सुटली की सकाळी दोन-तीन तासच झोपा आणि त्या रात्री लवकर पडा. गोळी फक्त नाईटच्या आठवड्यात. फर्स्ट आणि सेकंडला अजिबात नाही. आठवड्याभरात घड्याळ पूर्ण उलटं फिरत नाही, ते दिवसाला साधारण तासभरच सरकतं, म्हणून त्याला पूर्ण फिरवायच्या नादाला लागू नका. तुमच्याकडे पाळ्या फर्स्ट, सेकंड, नाईट अशा पुढं सरकतात हे चांगलं आहे. ज्यांच्याकडे हे चक्र उलटं फिरतं त्यांनी व्यवस्थापनाशी जरूर बोलावं. पुढं सरकणारी पाळी शरीराला सोपी जाते आणि बदलायला पैसे पडत नाहीत.

सिगारेटीच्या धुरातले घटक यकृतातलं सीवायपी1ए2 हे एन्झाइम वाढवतात, आणि मेलाटोनिन मोडणारं एन्झाइम तेच. म्हणून ओढणाऱ्यांत गोळीचा असर कमी. सिगारेट सोडलीत (सोडाच) तर तेवढीच गोळी अंगाला जड पडू शकते. तंबाखू चघळणाऱ्यांना हा नियम लागू नाही, पण निकोटीन झोप उडवतं ते उडवतंच. उलट सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा फ्लुवोक्सामिन चालू असताना तेच एन्झाइम अडतं आणि मेलाटोनिनची पातळी खूप वाढते.

बीपीच्या गोळीचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही, आणि तेच महत्त्वाचं होतं. पाकीट हातात घ्या. निफेडिपिन असेल तर मेलाटोनिननं बीपी वाढल्याचा अनुभव नोंदलेला आहे, नको. ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल अशी बीटा ब्लॉकर असेल तर पिनिअलला जाणारी रात्रीची सूचनाच ती अडवते आणि शरीराचं स्वतःचं मेलाटोनिन घटतं. झोप न येण्याचं एक कारण कदाचित तुमच्या रोजच्या गोळीतच असेल. गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही, डॉक्टरांना पर्याय विचारायचा. आणि घरचे म्हणत असतील की तुम्ही घोरता, मध्येच श्वास अडकतो, तर बीपी आणि साखर दोन्ही असलेल्या माणसानं आधी झोपेची तपासणी कुठं होते ते विचारावं. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा छातीच्या डॉक्टरांकडे चौकशी करा. श्वास अडकून मोडणाऱ्या झोपेवर मेलाटोनिनचा उपाय नाही.

गोळी नको, आहारातून घेतो, असं म्हणणारेही वाचक असतील. रात्री काढलेल्या दुधात मेलाटोनिन जास्त असतं, हे गाईंवरच्या मोजमापांत दिसलंय. पण उदारपणे धरलं तरी ग्लासाला दहाएक नॅनोग्रॅम. तुमच्या एका 3 मिलिग्रॅमच्या गोळीएवढं भरायला तीन लाख ग्लास लागतील. गंगावेशीतलं धारोष्ण दूध चवीसाठी प्या, त्यात दुसरा हिशेब घालू नका. खरोखर अँटिऑक्सिडंट हवी असतील तर कपिलतीर्थ मंडईत पेरू, आवळा, पोकळा, मेथी, शेवग्याचा पाला आहे. एका मध्यम पेरूत दिवसभराचं व्हिटॅमिन सी भरून उरतं आणि साखरही आवरती राहते, फक्त तो खायचा, त्याचा रस काढायचा नाही.

20 मिलिग्रॅमबद्दल: नाही. अर्ध्या गोळीनं दोन नाईटच्या आठवड्यांत काही फरक दिसला नाही, तर डोस चढवत बसू नका, अंधार आणि जेवणाच्या वेळा पुन्हा तपासा.

आईंना देऊ नका. आमवातात, म्हणजे ज्या संधिवातावर मेथोट्रेक्सेट देतात त्यात, रोगप्रतिकारशक्ती आधीच चुकीच्या दिशेला भडकलेली असते आणि मेलाटोनिन तिला चेतवू शकतं. अशा रुग्णांना सहा महिने रोज 10 मिलिग्रॅम देऊन केलेल्या एका छोट्या चाचणीत दुखण्यात फायदा दिसला नाही, सुजेच्या रक्तातल्या काही खुणा मात्र वाढल्या. त्यांची झोप मोडत असेल तर आधी बघा, ती रात्रीच्या सांधेदुखीनं मोडते का, आणि ते त्यांच्या संधिवाताच्या डॉक्टरांच्या कानावर घाला. हीच खबरदारी रक्त पातळ करायची गोळी घेणाऱ्यांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, फिट येणाऱ्यांनी पाळावी.

उरलेली बाटली घरात ठेवू नका. गमी जेलीच्या गोळीसारखी दिसते, चवीलाही तशीच. अमेरिकेत मुलांनी चुकून मेलाटोनिन खाल्ल्याच्या तक्रारी 2012 ते 2021 या काळात 530 टक्क्यांनी वाढल्या. घरात लहान मूल येत-जात असेल तर गमीज वापरलेल्या चहापत्तीत मिसळून पिशवीत बांधा आणि कचऱ्यात टाका. कुणी मुलानं मूठभर खाल्ल्याच असतील तर ओकारी काढायच्या फंदात पडू नका. बाटली बरोबर घेऊन थेट दवाखान्यात न्या.